पानाला कितीला पडतं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडली. दीड महिना गप्प बसलेल्या आमच्या घरच्या प्रिंटरने दुसरीच्या सराव-पत्रिकेतली सगळी काळी अक्षरं गाळली आणि नुसतं रंगीत चित्र काढून दिलं. बैल होता, त्याच्याखाली ‘बैल’ नव्हता. हेड क्लीनिंग तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी बैलही फिका झाला. यंत्र आठ वर्षांचं, कार्ट्रिजवालं, आणि गेली तीन वर्षं सिरिंजने शाई भरून चालवलेलं. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मान हलवली. “सर, आता याच्यात शाई घालू नका, पैसे घालता तुम्ही.”

आदिलाबादमध्ये हे दर उन्हाळ्यानंतर दहा घरांत होतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा पंचेचाळीसला टेकतो, डिसेंबर-जानेवारीत पाचच्या खाली उतरतो. इंकजेटची शाई म्हणजे बहुतांश पाणी. ती केसापेक्षा बारीक छिद्रांतून थेंब-थेंब उडते. प्रिंटर नीट बंद झाला की हेड सरकत जाऊन एका रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. पण छपाई चालू असताना वीज गेली, किंवा आपण घाईत भिंतीवरचं बटण दाबलं, तर हेड वाटेतच उघडं राहतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तशी एक दुपार त्याला पुरते. त्यामुळे यंत्र नवं घ्या की जुनं ठेवा, बंद करताना आधी प्रिंटरवरचं बटण दाबायचं, मग भिंतीवरचं. ही सवय घरात असती, तर माझा प्रिंटर आणखी दोन वर्षं तरी चालला असता.

जुनं टाकून नवं घ्यायचं ठरलं की माणूस दुकानात जाऊन प्रिंटरची किंमत विचारतो. विचारायला हवा तो पानाचा हिशेब. तो मांडण्याआधी, या जिल्ह्यात छापलं काय जातं तेही पाहायला हवं.

इथे कागद फार लागतो आणि तो बहुतेक काळा-पांढराच असतो. शेतकऱ्याला पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, आणि पट्टादार पासबुकाची प्रत लागते. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात भावकीची जमीन असेल तर तिथला सातबाराही लागतो. तेलंगणातल्या जमिनीच्या नोंदी २०२० मध्ये धरणी पोर्टलवर गेल्या, २०२५ मध्ये धरणी जाऊन भू भारती आलं. पोर्टल बदललं की जुन्या कागदांच्या प्रती पुन्हा काढाव्या लागतात. जिवती तालुक्यातल्या, महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्यं आपली म्हणतात त्या गावांतल्या माणसांकडे तर रेशनकार्ड दोन आणि मतदार ओळखपत्रंही दोन, मग झेरॉक्सही दोनदा. त्या गावांची तेलंगणाकडची बाजू २०१६ च्या जिल्हाविभाजनापर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. आता ती कोमरम भीम आसिफाबादकडे आहे. जाता जाता, दाखले देणाऱ्या सरकारी केंद्रांचं नाव आहे ‘मी सेवा’. तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमची’. महाराष्ट्रातून नवा आलेला पाहुणा पाटी वाचून विचारतो, “मी सेवा? मग पुढे काय, करतो की घेतो?”

शाळांची गरज वेगळी. बेला, जैनथ, तलमडुगू, तांसी, नारनूर या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत आणि तेलंगणाची दहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र मराठी सराव-पुस्तकं, चित्रतक्ते, जुन्या प्रश्नपत्रिका आदिलाबादच्या बाजारात सहज मिळत नाहीत. शिक्षक बालभारतीची पुस्तकं संगणकावर उतरवून घेतात, त्यातली चार पानं निवडतात आणि स्वतःच छापतात. एकेकाळी हेच काम स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर होत असे. हाताला लागलेली शाई दोन दिवस निघत नसे, पण शंभर प्रतींना खर्च नगण्य यायचा. घरचा इंकजेट आला आणि हात स्वच्छ झाले. खिसाही.

तो का झाला, हे कळायला थोडा इतिहास लागतो. एच.पी.ने १९८४ मध्ये थिंकजेट बाजारात आणला आणि इंकजेट टेबलावर आला. पुढे कंपन्यांनी दाढीच्या यंत्राचा जुना धंदा उचलला: यंत्र स्वस्त विकायचं, पातं महाग विकत राहायचं. तीन-चार हजारांत प्रिंटर मिळायचा आणि त्याच्या दोन कार्ट्रिज त्याच्या निम्म्या किमतीला यायच्या. वर कार्ट्रिजला चिप, म्हणजे बाहेरची शाई भरली की यंत्र रुसून बसणार. याला आपल्यासारख्या देशांनी आपल्या रीतीने उत्तर दिलं. कार्ट्रिजला भोकं पाडली, सलाइनसारख्या नळ्या लावल्या आणि बाहेर शाईच्या बाटल्या टांगल्या. इंडोनेशियात हा उद्योग इतका वाढला की २०१० मध्ये एपसनने तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला, आणि तो लवकरच भारतातही आला. पुढच्या पाच-सहा वर्षांत कॅनन, ब्रदर, एच.पी. या सगळ्यांना टाक्या बसवाव्या लागल्या. गल्लीतल्या मेकॅनिकची युक्ती कंपन्यांनी हमीपत्रासह परत विकली. मला या गोष्टीचा आनंद वाटतो.

आता हिशेब. दर गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, म्हणून माझे आकडे ढोबळ धरा. साध्या काळ्या कार्ट्रिजवर १२० ते १८० पानांची क्षमता लिहिलेली असते आणि किंमत सातशे ते हजार, म्हणजे पानाला पाच-सहा रुपये. एपसनच्या घरगुती टाकीवाल्या प्रिंटरांना लागणारी ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची असते आणि कंपनी तिच्यावर ४,५०० पानं लिहिते. बाटली चार-पाचशेला पडली तरी पानाला दहा-अकरा पैसे. कॅननच्या जी मालिकेतली काळी बाटली १३५ मिलिलिटरची, ६,००० पानांची. तिचाही हिशेब त्याच घरात येतो. पन्नासपट फरक म्हणतात तो हाच, आणि तो खरा आहे.

आकड्यांवर एक शंका मात्र ठेवा. ही पानसंख्या ठरलेल्या नमुना-पानांवर, एका दमात छापत मोजलेली असते. आपण तसं छापत नाही. आज दोन पानं, मग आठवडाभर काही नाही. प्रत्येक वेळी यंत्र जागं होताना थोडी शाई हेड धुण्यात घालवतं आणि ती आतल्या स्पंजात जाते. नव्या टाकीवाल्या प्रिंटरच्या पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या भरण्यातच संपते. त्यात आपला मजकूर देवनागरी, प्रत्येक ओळीवर शिरोरेषा, वर ठळक टाइपाची हौस. डीटीपीवाल्याने प्रश्नपत्रिकेचं शीर्षक अर्धा इंच जाड केलं की ४,५०० चे तीन हजार व्हायला वेळ लागत नाही. तरी पानाला वीस पैशांच्या आतच.

आता कागद पाहा. ७५ जीएसएमचा पाचशे पानांचा रिम तीनशेच्या आसपास येतो, म्हणजे पान साठ पैशांना. टाकीच्या प्रिंटरमध्ये शाईपेक्षा कागद पाच-सहापट महाग पडतो. हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ वाद आपोआप मिटतात. गुजरी बाजारात लिटरच्या डब्यातली लोकल शाई मिळते, तिने पानामागे पाच-सात पैसे वाचतील. पाठपोट छापलं तर तीस पैसे वाचतात. तरी आपले लोक अस्सल बाटली महाग म्हणून लोकल शाई भरतात, हेड घालवतात, आणि कागद मात्र एकाच बाजूने वापरतात. कार्ट्रिजच्या काळात लोकल शाई भरण्यात शहाणपण होतं. मीही भरली आणि त्याचा पश्चात्ताप नाही. टाकीच्या यंत्रात तीच काटकसर म्हणजे खुळेपणा आहे.

हेड कसं आहे, हाही प्रश्न विचारा. दुकानदार आपणहून सांगत नाही. एपसनचं हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असतं. ते दाबाने थेंब ढकलतं, तापवत नाही, म्हणून टिकतं खूप, पण एकदा गेलं की बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. कॅनन जी मालिका आणि एच.पी.च्या टाकीवाल्या यंत्रांत हेड काढून नवं घालता येतं. रोज छापणाऱ्याने पहिलं घ्यावं. शाळेच्या सुट्टीत यंत्र झाकून गावी जाणाऱ्याने दुसरं घ्यावं. सुट्टीत घरी कुणी असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढायला सांगावं. शेजारच्या पोराला हे काम दिलं की तो कार्टून छापतो, पण हेड जिवंत राहतं.

मघाशी स्पंज म्हटलं, त्याचीही एक गंमत. धुण्याची शाई जिरवणारा तो पॅड भरला, किंवा तो भरला असावा असं यंत्रातल्या मोजणीला वाटलं, की प्रिंटर दोन दिवे लुकलुकवत बसतो आणि काही केल्या छापत नाही. पुष्कळ धडधाकट प्रिंटर अशा वेळी भंगारात गेले. दुकानात याला ‘रिसेट मारणं’ म्हणतात. सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणतात आणि दोन-तीनशे रुपये घेतात. आकडा शून्य झाला तरी पॅड भरलेलाच राहतो, हे विसरू नका. तो धुऊन किंवा बदलून घ्या, नाहीतर शाई टेबलावर उतरेल. कॅननच्या अलीकडच्या काही मॉडेलांत हा पॅड छोट्या पेटीसारखा आपल्याच हाताने बदलता येतो. नवं घेताना एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुढचा मोठा वैताग वाचेल.

शाईच्या जातीकडे तर कुणी पाहतच नाही. शाई दोन प्रकारची. एक पाण्यात विरघळलेला रंग, दुसरी पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण, तिला पिगमेंट म्हणतात. पहिलीवर ओला हात लागला की अक्षर पसरतं, दुसरी बरीच टिकते. स्वस्त टाकीवाल्या एपसन यंत्रांत ००३ ची काळी शाई पहिल्या जातीची असते. कॅनन जी आणि एच.पी.च्या टाकीवाल्यांत काळी पिगमेंट आणि बाकीचे रंग पहिल्या जातीचे. बोथहून किंवा इच्चोड्याहून माणूस पावसात मोटरसायकलवर येतो, पहाणीची प्रत शर्टाच्या खिशात घालतो आणि कार्यालयात पोचेपर्यंत सर्व्हे नंबराचा निळसर ढग झालेला असतो. कागदपत्रांचं काम करणाऱ्या दुकानाने काळी शाई पिगमेंटच आहे का, हे विचारूनच यंत्र घ्यावं. एपसनचीही फक्त काळं छापणारी एम मालिका आहे आणि तिच्यात पिगमेंट आहे, पण आमच्याकडच्या दुकानात ती मागितली की “मागवावी लागेल” असं उत्तर येतं.

आता लेझरबद्दल. आदिलाबादच्या कचेऱ्यांत आणि वकिलांच्या टेबलांवर एच.पी.चा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० अजून खडखडत आहेत. दोन्हीची टोनर एकाच घडणीची, २,००० पानांची. नवी अस्सल टोनर तीन-चार हजारांच्या पुढे, म्हणून ती कुणी घेत नाही. अडीच-तीनशेला रिफिल करतात. पानाला बारा-पंधरा पैसे, म्हणजे टाकीपेक्षा किंचित जास्त. पण टोनर ही कोरडी पूड, ती सुकायचा प्रश्न येत नाही. एप्रिलमध्ये बंद केला, जूनमध्ये चालू केला, तर पहिलंच पान स्वच्छ. पाण्याने अक्षर पसरत नाही. रंग नाही, एवढीच उणीव. आणि वीज. पूड वितळवण्यासाठी लेझरला क्षणभर पाचशे-आठशे वॅट लागतात, घरचा छोटा इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. इंकजेट दहा-वीस वॅटमध्ये भागवतो. गावात वीज दिवसातून चारदा जात असेल आणि कामं तेव्हाच करायची असतील, तर लेझरचं कौतुक बाजूला ठेवा.

डॉट मॅट्रिक्सला लोक हसतात. कापसाच्या हंगामात वजनकाट्यावर जा. तीन प्रतींची पावती करकरत अजून त्याच्यावरच निघते, कारण कार्बन प्रत ठोकूनच उमटते. रिबन शंभर-दोनशेची, चालते महिनोन्‌महिने. मार्केट यार्डाजवळच्या दुकानांना आणखी एक त्रास आहे. हवेतले कापसाचे तंतू रबरी रोलरवर बसतात आणि कागद ओढला जात नाही. गिऱ्हाईक समजतं प्रिंटर बिघडला. ओल्या फडक्याने रोलर पुसला की तो पुन्हा चालतो. जुनं यंत्र टाकण्याआधी एवढं करून पाहाच.

फोटोवाल्या दुकानांची गोष्ट निराळी. तिथे सहा रंगांचा एपसन एल ८०५ किंवा त्याचा वारस एल ८०५० लागतो. पासपोर्ट फोटो आणि शाळांची ओळखपत्रं त्यावर छान निघतात. काही दुकानं आधारचं प्लास्टिक कार्डही त्यावरच छापून देत. पण खुद्द आधार प्राधिकरणानेच २०२० मध्ये पीव्हीसी कार्ड तेव्हाच्या पन्नास रुपयांत घरपोच द्यायला सुरुवात केली आणि २०२२ च्या जानेवारीत बाजारात छापलेल्या कार्डांत सुरक्षाखुणा नसतात, ती वापरू नका असं जाहीर सांगितलं. त्या एका धंद्याच्या भरवशावर कुणी सहा रंगांचं यंत्र घेत असेल तर मी त्याला थांबवीन.

घरगुती यंत्राचं एक मोल मात्र पानाच्या हिशेबात मावत नाही. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीची हस्तलिखितं मिळाली. हैदराबाद विद्यापीठातले प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जगापुढे आणली, आणि २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ला युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्या लिपीला बाजार नाही, तिच्यासाठी कुणी मोठा छापखाना लावणार नाही. पण फॉन्ट आला की साध्या टाकीवाल्या प्रिंटरवर मुळाक्षरांचा तक्ता वीस पैशांच्या शाईत निघतो. मराठी माध्यमाच्या आमच्या दुसरीच्या वर्गाचंही फार वेगळं नाही. ज्या भाषेची पुस्तकं गावात येत नाहीत तिला हा डबाच छापखाना आहे.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो. मुलाचा प्रकल्प, एखादं तिकीट, वर्षातून दोन अर्ज असं महिन्याला पन्नास पानांच्या आत काम असेल, तर काहीच घेऊ नका. बारा हजारांचं टाकीवालं यंत्र पाच वर्षांत १,२०० पानं छापणार असेल तर यंत्राचाच बोजा पानाला दहा रुपये पडतो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच रुपयांत पान देतो, कागद त्याचा, हेड सुकण्याची काळजीही त्याची. पाच वर्षांत पावणेतीन-तीन हजार पानांच्या पुढे गेलात तर यंत्र वसूल होतं. पन्नासचा आकडा मी तिथूनच काढला. शिक्षक, शिकवणी घेणारे, छोटी दुकानं यांनी टाकी घ्यावी, पिगमेंट काळ्या शाईची आणि बदलता येणाऱ्या हेडची. नुसती काळी कागदपत्रं असतील आणि वीज धड असेल तर एकरंगी लेझर, पाठपोट छापणारा. नवा कार्ट्रिज प्रिंटर कुणीच घेऊ नये, सणाच्या सवलतीत अर्ध्या किमतीला मिळाला तरीही.

घेताना हमीपत्र वाचा. अनेक टाकीवाल्यांवर ‘एक वर्ष किंवा ३०,००० पाने, जे आधी होईल ते’ असं असतं. दुकानवाल्याचं वर्ष सात-आठ महिन्यांतच संपू शकतं. नागपूरला किंवा हैदराबादला दोनशे-पाचशे रुपये स्वस्त मिळतो म्हणून राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून घेऊन येणाऱ्यांना मी एकच विचारतो: बिघडला तर माणूस आदिलाबादला येईल का, की डबा घेऊन तुम्हीच बसने जाल? याचं उत्तर बिलावर लिहून मागा. लिहून देणारा दुकानदार शंभर रुपये जास्त घेत असेल तर द्यावेत.

जुनं यंत्र रद्दीवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत त्यांची विल्हेवाट लावून घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. नवा घेताना जुना परत घ्यायला सांगा. प्रत्यक्षात त्यासाठी दोनदा सांगावं लागतं.

मी पिगमेंट काळ्या शाईची टाकी घेतली. पहिल्या तीन महिन्यांत सहाशे पानं छापली, काळी बाटली अजून निम्म्याहून जास्त भरलेली आहे, आणि कागदाचा दुसरा रिम फोडला आहे.